हिशेबाची वही : तासांचा व्यापार

अक्षय्य तृतीयेच्या दोन दिवस आधी सांगलीहून आक्काचा फोन आला. आवाज नेहमीचाच होता. विषय मात्र नेहमीचा नव्हता. ‘‘तू लोकांच्या वह्या तपासतोस, एकदा तुझ्या भाच्याची वही बघून जा,’’ एवढेच ती म्हणाली, आणि दाजींना यातले काही ठाऊक नाही हे शेवटी हलकेच सांगितले. घरातल्या एका माणसापासून लपविलेला हिशेब हा हिशेबच नव्हे, असे या सदरात मी अनेकदा लिहिले आहे. तो प्रकार आपल्याच घरात निघावा याचे वाईट वाटले. भाचा आणि भाची या दोघांच्या संमतीने ही हकीकत येथे देत आहे. नावे देत नाही.

दाजींचे घराणे हळदीच्या अडतीचे. भाच्याने वाणिज्य शाखेची पदवी घेतली, दोन वर्षे मार्केट यार्डात गादीवर बसला, पण त्याचे चित्त तेथे नव्हते. महाविद्यालयात असताना त्याला स्नूकरचा नाद लागला होता. २०२२ च्या दिवाळी पाडव्याला त्याने विश्रामबागेत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर २,४०० चौरस फुटांची जागा भाड्याने घेऊन पार्लर उघडले. तीन टेबले स्नूकरची, तीन पूलची. तळमजला स्वस्त मिळत असतानाही वरचा मजला का घेतला, असे मी तेव्हा विचारले होते. ‘‘मामा, एकोणीसचा आणि एकवीसचा पूर पाहिल्यावर खाली लाकूड आणि लोकर कोण मांडील?’’ हे त्याचे उत्तर मला पटले होते. स्नूकरचे टेबल एका टनाहून अधिक वजनाचे असते, म्हणून अभियंत्याकडून स्लॅब तपासून घेण्याची दक्षताही त्याने घेतली होती. मुलगा निष्काळजी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचे वाचताना ते लक्षात असावे.

आपल्या समाजात या खेळाकडे पाहण्याची दृष्टी फारशी चांगली नाही. ‘क्लब’ म्हटले की धूर, पैज आणि वाया गेलेली मुले एवढेच डोळ्यांपुढे येते. वस्तुतः स्नूकर हा खेळ जन्मला तोच आपल्या देशात. १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी पावसाळ्याच्या रिकाम्या दिवसांत तो रचला, असे मानले जाते. स्वतंत्र भारताला कोणत्याही खेळातला पहिला वैयक्तिक जगज्जेता मिळाला तोही बिलियर्ड्सच्या टेबलावरच. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात विश्वविजेते झाले. पंकज अडवाणींचा जन्मही पुण्याचाच. हे सारे भाच्याने उद्घाटनाच्या दिवशी आजीला समजावून सांगितले. आजींनी सर्व शांतपणे ऐकून एकच प्रश्न केला, ‘‘गोळे हस्तिदंताचे तर नाहीत ना?’’ प्रश्न अगदी रास्त होता. एकोणिसाव्या शतकात हे गोळे हस्तिदंताचेच असत आणि त्यापायी हत्तींचा मोठा संहार झाला. आता ते कृत्रिम राळेचे बनतात, हे सांगताच त्यांचे समाधान झाले. क्यूच्या टोकाला चामड्याची टिकली असते, हे मात्र त्या दिवशी त्यांना कोणी सांगितले नाही. मीही नाही.

आता वहीकडे येतो. एकूण भांडवल लागले १८ लाख. त्यात टेबलांचे ११ लाख ४० हजार, वातानुकूलन, दिवे, वायरिंग, सजावट यांचे ४ लाख ६० हजार आणि जागामालकाकडे अनामत २ लाख. सहा लाख घरचे होते. बारा लाख एका पतसंस्थेकडून, दरसाल १२ टक्के व्याजाने, पाच वर्षांच्या मुदतीने घेतले, जामीन दाजी. मासिक हप्ता सुमारे २६,७०० रुपये.

महिन्याचा खर्च असा निघाला. भाडे ४८,०००, वीज २८,०००, तीन मुलांचे पगार ३६,०००, कर्जाचा हप्ता २६,७००, इंटरनेट, साफसफाई व किरकोळ ६,३००. बेरीज १ लाख ४५ हजार. जमेला महिन्याला ९८० तासांची विक्री, सरासरी तासाला ११० रुपये, म्हणजे १ लाख ७ हजार ८००. शीतपेये व खाण्याच्या पदार्थांवरील नफा १४,०००. एकूण १ लाख २१ हजार ८००. तूट २३,२००. ही तूट जून २०२४ पासून, म्हणजे अकरा महिने चालली होती. अकरा गुणिले २३,२०० केले की अडीच लाखांच्या वर जाते. आणि आक्काने मोडलेली मुदत ठेव होती बरोबर अडीच लाखांची. ती तिच्या आणि भाचीच्या जोडनावावर होती. भाची एम. एस्सी. साठी पुण्याला जाणार होती; तिच्या शुल्काची आणि वसतिगृहाची ती रक्कम होती.

भाच्याने स्वतःसाठी पगार म्हणून एक रुपयाही उचललेला नव्हता. हे त्याने मला काहीशा अभिमानाने सांगितले. मला त्यात अभिमान वाटावा असे काही दिसले नाही. मालकाचे श्रम वहीत न लिहिणे म्हणजे तोट्याचा एक भाग घरात नेऊन ठेवणे होय. आपल्या जुन्या पेढ्यांतून हा दोष फार आहे. परंतु तेथे मालाचा साठा तरी मागे उरत असे.

या धंद्याची खरी गोम येथेच आहे आणि व्यापारी घरातल्या माणसाला ती चटकन उमगत नाही. आपण माल विकत आलो. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीतल्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. भाव पडला तर पेव झाकून ठेवायचे, चढला की उघडायचे. थांबणे ही तेथे व्यापाऱ्याची शक्ती होती. भाचा विकतो तो तास. सकाळी अकरा ते बारा हा तास सहा टेबलांवर रिकामा गेला की ते सहा तास कायमचे बुडाले. त्यांना पेव नाही. एसटीची गाडी रिकाम्या आसनांनिशी सुटते, तसेच हे. आणि खर्च मात्र गाडी भरलेली असो वा रिकामी, तेवढाच.

त्याच्या पार्लरची वेळ सकाळी अकरा ते रात्री अकरा. सहा टेबले, बारा तास, म्हणजे दिवसाला ७२ तास विक्रीस उपलब्ध. त्यांपैकी विकले जात होते सरासरी ३३. मी त्याला मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी तासागणिक मांडायला लावल्या. मार्कर मुलाची वही त्यासाठी उत्तम निघाली; तो प्रत्येक टेबलाची सुरुवात आणि शेवट इमानाने लिहीत असे. चित्र असे दिसले की संध्याकाळी सहा ते दहा ही चार तासांची वेळ जवळपास पूर्ण भरलेली. तेथेच २४ तास विकले जात. उरलेल्या आठ घटकांत, म्हणजे ४८ तासांत, जेमतेम नऊ. सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळात तर दिवसाला दीड तास. एवढ्यासाठी दिवे, वातानुकूलन, आणि एक नोकर.

‘‘अजून गिऱ्हाईक आणायला हवे,’’ असे तो वर्षभर म्हणत होता. त्यासाठी समाजमाध्यमांवर जाहिरात केली, विद्यार्थ्यांना सवलतीचे मासिक पास दिले. पास घेतलेले विद्यार्थी आले ते कधी? संध्याकाळी सहालाच. म्हणजे जो माल आपोआप खपत होता तोच त्याने स्वस्तात विकला. स्नूकरचा फलकावरचा दर तासाला १५०, पूलचा १२०. हातात सरासरी पडत होते ११०. शनिवारी रात्री लोक तासभर ताटकळून परत जात असत आणि तो ते भरभराटीचे चिन्ह समजत असे. दुकानापुढे रांग लागून गिऱ्हाईक परत जाऊ लागले, तर यार्डातला कोणताही अडत्या पहिल्यांदा भाव वाढवील. माझ्या भाच्याला ते सुचले नाही, कारण त्याच्या मनात तो व्यापारी नव्हता, खेळाडू होता. मित्रांकडून जादा पैसे कसे घ्यायचे, ही त्याची अडचण.

उधारीची वहीही निघाली. ४१,००० रुपये. या खेळात हरणारा टेबलाचे पैसे देतो असा रिवाज आहे आणि हरणाऱ्याच्या खिशात पैसे असतीलच असे नाही. ‘लिहून ठेव’ म्हणून तो निघून जातो. मालाची उधारी असेल तर निदान तगाद्याला तोंड असते. खेळलेल्या तासाची उधारी मागायला गेले की मैत्री आडवी येते आणि तो मुलगा दुसऱ्या पार्लरला जाऊ लागतो. पैसेही गेले, गिऱ्हाईकही गेले.

दुसरी पार्लरे हाही विषय आहेच. पहिली एकोणीस महिने याचे बरे चालले, कारण त्या भागात तो एकटा होता. मग वर्षाच्या आत दोन नवी निघाली. या धंद्यात शिरायला फारशी अडचण नाही. जागा, टेबले आणि पोलिसांचा व स्थानिक संस्थेचा परवाना एवढे जमले की झाले. शिवाय मे महिना आणि दिवाळीची सुटी आली की वालचंद आणि विलिंग्डनची बाहेरगावची मुले घरी जातात आणि विश्रामबाग ओस पडते. परीक्षांचे दिवस वेगळेच. बारा महिन्यांचे भाडे भरायचे आणि नऊ महिन्यांचा धंदा करायचा, असा हा व्यवहार.

पण मी ज्यावर सर्वांत अधिक वेळ घालविला ती गोष्ट वहीत नव्हतीच. टेबलाचे कापड.

स्नूकरच्या टेबलाखाली पाटीच्या दगडाचे पाच सपाट तुकडे जोडलेले असतात आणि त्यावर लोकरीचे कापड ताणून बसवलेले असते. खेळ सारा त्या कापडावर. घासून घासून ते झिजते, ठरावीक जागी पांढरे पडते, गोळा सरळ जाईनासा होतो. पावसाळ्यात हवेतला दमटपणा शोषून ते जड होते आणि गोळ्याचा वेग मंदावतो. मोठ्या स्पर्धांत टेबलाला खालून ऊब देतात ती याचसाठी. वर्दळीच्या पार्लरात वर्षाकाठी कापड बदलावे लागते. भाच्याला मिळालेल्या दराने तीन स्नूकर टेबलांचे ८४,००० आणि तीन पूल टेबलांचे ३६,०००. म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार, महिन्याला १०,०००. हे दहा हजार तो बाजूला काढत नव्हता. दर महिन्याला खर्च होतच होता. फक्त नोटांऐवजी कापडाच्या रूपाने. खरी तूट २३,२०० नसून ३३,२०० होती.

आणि त्याचा परिणाम कसा झाला ते पाहा. कापड खराब झाले की सर्वांत आधी जाणारा माणूस कोण? जो चांगला खेळतो तो. नवशिक्याला काही कळत नाही. चांगला खेळाडू दुपारी निवांत सरावाला येतो, रोख देतो आणि त्याचा खेळ पाहायला चार माणसे जमतात. दुपारच्या रिकाम्या तासांचे गिऱ्हाईक होते ते हेच, आणि कापडाचे पैसे वाचवून भाच्याने ते घालविले होते. हे मी दाखवून दिले तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. स्वतः खेळाडू असल्याने त्याला हे माझ्याआधी ठाऊक असणार.

या सगळ्यात एक गोष्ट त्याने शेवटी सांगितली. फेब्रुवारीत पाचसहा जणांचा एक गट त्याच्याकडे आला होता. रात्री अकरानंतर शटर खाली करून दोन टेबले द्यायची, तासाला दुप्पट दर, रोख. त्यांचे ‘आपसातले’ डाव काय असतील याच्याशी पार्लरचा संबंध नाही, असे त्यांचे म्हणणे. दोन टेबले, तीन तास, महिन्यातून वीस रात्री धरा, तूट भरून निघत होती. त्याने दोन दिवस विचार केला आणि नकार दिला. ‘‘दोन दिवस का लागले?’’ असे मी विचारले नाही. अडीच लाख बुडालेल्या माणसाला दोन दिवस लागले, यात मला नवल वाटत नाही. कौशल्याचा खेळ १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेला आहे हे खरे; पण त्या खेळावर लावलेल्या पैशालाही तेच कवच मिळेल, अशा भरवशावर कोणी शटर ओढू नये. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या पार्लरात रात्री पैजा लागतात तेथे संध्याकाळी आईबाप आपली मुले पाठवीत नाहीत. वीस रात्रींच्या मिळकतीसाठी तीस संध्याकाळी गमवाव्या लागतात.

अक्षय्य तृतीयेला जेवणे झाल्यावर आम्ही सर्व बसलो. मी आक्काला आधीच बजावले होते की दाजींना सांगितल्याखेरीज मी पुढे एक आकडाही लिहिणार नाही. तिनेच सांगितले. दाजी रागावतील असे आम्हा सर्वांना वाटत होते. ते रागावले नाहीत. त्यांनी मुलाला एकच विचारले, ‘‘मला का नाही सांगितलेस?’’ ‘‘अण्णा, तुम्ही पार्लर बंद करा म्हणाला असता,’’ असे त्याने खरे ते उत्तर दिले. ‘‘म्हणालो असतो,’’ दाजी म्हणाले.

तेव्हा बंद करण्याचाच हिशेब आधी मांडला. तीस हप्ते फिटले होते. बाकी मुद्दल सुमारे ६ लाख ९० हजार. वापरलेल्या टेबलांना बाजारात साडेचार लाखांच्या आसपास मागणी होती, अनामत दोन लाख परत येईल. म्हणजे त्या दिवशी कुलूप लावले तर पदरचे चाळीसएक हजार घालून कर्जातून मोकळे होता येत होते. घरचे सहा लाख आणि ठेवीचे अडीच लाख गेले ते गेलेच. वातानुकूलन आणि सजावटीचे काही येईल ते वेगळे, पण ते मी धरत नाही, धरू नये.

मग चालू ठेवण्याचा. पार्लर दुपारी दोनला उघडायचे. एका मुलाचा पगार १२,००० आणि विजेचे ४,००० वाचतात. सकाळच्या दीड तासाचे सुमारे ५,००० बुडतात. संध्याकाळी सहा ते दहा तासाला ३० रुपये जादा. दहातला एक माणूस नाराज होऊन गेला असे धरले तरी सुमारे साडेअकरा हजार वाढतात. भाड्याबद्दल जागामालकाशी दाजी स्वतः बोलले. खाली दोन गाळे रिकामे असल्याने ते नऊ महिन्यांपुरते ६,००० कमी करण्यास तयार झाले. एवढ्याने कापडाचा निधी धरूनही तूट ३३,२०० वरून साडेचार हजारांच्या आसपास येते. म्हणजे दिवसाला दीडेक तास अधिक विकायचे राहतात. ते दुपारचेच हवेत आणि त्यासाठी आधी दोन स्नूकर टेबलांना नवे कापड हवे, ५६,००० रुपयांचे. उधारी बंद, जुनी येईल तेवढी कापडात घालायची.

माझे मत बंद करण्याकडे झुकत होते, हे लपवत नाही. वयाने साठी ओलांडलेल्या माणसाला चाळीस हजारांत सुटका हा सौदा स्वस्त वाटतो. दाजींनी मात्र सहा महिन्यांची मुदत दिली. दिवाळी पाडव्यापर्यंत कापडाच्या निधीसह खर्च भागला तर चालू, नाही तर टेबले विकायची आणि त्या दिवशी चर्चा करायची नाही. ५६,००० त्यांनी अडतीतून दिले, वहीत लिहून.

भाची तोवर काही बोलली नव्हती. तिचे पुण्याचे शुल्क दाजी भरणार हे ठरल्यावर ती म्हणाली, ‘‘मामा, माझे अडीच लाख कुठे लिहिले आहेत?’’ मी वही उलटून पाहिली. कोठेच लिहिले नव्हते. आक्काने दिले, भाच्याने घेतले, ते भाड्यात आणि विजेत विरले. घरचेच पैसे म्हणून नोंद करण्याचे कोणाला सुचले नव्हते. त्याच रात्री भाच्याने नवे पान काढले, बहिणीच्या नावे खाते उघडले आणि अडीच लाख जमेला लिहिले. व्याज किती, असे त्याने विचारले. ‘‘पतसंस्थेला देतोस तेवढेच, दादा,’’ ती म्हणाली. दाजी हसले, त्या दिवशी पहिल्यांदाच.

१ जुलैपासून नवी वेळ आणि नवा दर सुरू झाला. संध्याकाळच्या गिऱ्हाइकांपैकी तीन जणांनी कुरकुर केली, एक गट दुसरीकडे गेला, त्यातले दोघे नवे कापड पाहून दुपारी परत आले. पहिल्या पंधरवड्याचे आकडे त्याने मला पाठविले आहेत. दिवसाला सरासरी २९ तास. हवेत तीसच्या थोडे वर. पावसाने चार दिवस मोडले, असे त्याने खाली लिहिले आहे. ते वाक्य खोडून नुसते आकडे पाठवीत जा, असे मी त्याला कळविले आहे.